लाईनमनच्या घरची झोप

म्या मूळची शिवेकडची बगा, तिथनं पुढं कर्नाटक लागतं, घरात आमी कानडीच बोलायचो आन बाजारात मराठी, त्यामुळं लग्न होऊन जळकोटकडं आले तवा भाषेचा तरास काय झाला न्हाय, सासू तर माज्यापेक्षा जास्त कानडी. आमच्या आप्पाला नोकरदारच जावई पायजे व्हता. शेतात राबून राबून आमच्या आईची, अव्वाची कंबर गेल्ती, पोरगी तरी सावलीत बसावी, एवढंच त्यांचं म्हणणं. स्थळ आलं, पोरगा लाईनमन, लाईटीच्या हापिसात कायम. आप्पा म्हणले, महानंदा, तुजं चांगलं झालं, आता घरात ऱ्हा आन सुखानं झोप. आप्पाला काय ठाव लाईनमन म्हंजे काय, आमच्या गावात तवा निम्म्या घरात लाईटच नव्हती.

काय सांगू तुमाला, वारं सुटलं की समदं गाव आत येतं. बायका वाळत घातलेल्या कुरडया उचलायला पळतात, शेळ्या आत, लेकरं आत, दारं लावून बसतात. आन आमचा माणूस तवा भाईर निघायचा. पकड खिशात, डोक्यावर पोत्याची खोळ, पुढं हापिसानं रेनकोट दिला, पण चालला मातर पावसातच. फोन कुठं व्हते तवा, माणसं दारातच यायची. गिरणीवाला यायचा, दळणं पडून हायती म्हणून. लग्नघर असलं तर नवरदेवाचा मामाच यायचा, आन बोलायची कशी, जशी काय लाईट आमीच घरात कोंडून ठिवलीया. एकाला म्या म्हणले, आत येऊन बग बाबा, आमच्यात बी चिमणीच पेटलीया. 

जाऊ नका, असं म्या कधी म्हणले न्हाय. सासूनं पयल्याच पावसाळ्यात सांगितलं व्हतं, पोटापाण्याला निघाल्याला माणूस दारातनं माघारी बोलवायचा न्हाय. न्हाय बोलवला. ते गेले की लेकरांना खाऊ घालायची, वाकळ पांघरून निजवायची आन उंबऱ्याला पाठ लावून बसायची.  चूल बी पेटवू वाटायची न्हाय, बसायची नुसती. इज कडाडली की ते आत्ता खांबावर असतील का खाली, एवढाच इचार.

त्यांनीच एकदा सांगितलं व्हतं मला, कसं असतं ते. वर चढायच्या आदी सबस्टेशनला सांगून लाईन बंद करून घ्यायची, आन काम झालं, खाली उतरलं, माणसं मोजून घेतली, मंगच चालू करा म्हणायचं. म्हंजे लाईट आली की माणूस खाली उतरला. आता गावाला लाईट आली की पंखा फिरतो, टीव्ही लागतो, पोरं आली आली म्हणून वरडतात. मला मातर तेवढंच कळायचं, उतरले. अंगातलं समदं बळ गेल्यावानी व्हायचं आन जिथं बसली तिथंच आडवी पडायची. ते सायकलवर चिखल तुडवत घरी येस्तोवर माजा डोळा लागल्याला असायचा. त्यांचं ताट झाकून ठिवल्यालं असायचं, ते आपलं आपण घेऊन जेवायचे, मला उठवायचे न्हाईत. लई गुणाचा माणूस, म्या काय उगं नावं ठिवायली न्हाय.

एका टायमाला डावा हात भाजला. हापिसाची लाईन बंदच व्हती, पण कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू ऱ्हायला आन उलटा करंट आला. दवाखान्यात ऱ्हावं लागलं, जीव वाचला, दोन बोटं मातर आजून बी मिटत न्हाईत. तांब्या धरताना बगा तुमी, तीनच बोटात धरत्यात. बरं झाल्यावर पुन्ना खांबावर. त्याच नोकरीवर पोरीचं लग्न झालं, पोरगा पुण्याला लागला.

रिटायर झाले त्या दिशी हापिसात नारळ, शाल, फेटा समदं झालं. म्या मनात म्हणले, सुटले बाई. पण सुटते कशाची. त्यांच्या जागेवर इरफान नावाचं नवं पोरगं आलं, चांगलं हाय, नळदुर्गचं हाय, आमच्याच मागच्या खोलीत बायकोला घेऊन ऱ्हायलंय. तरी बी गावाला सवय अण्णाचीच, अण्णा म्हणतात ह्यांना समदे. तार तुटली, अण्णाला फोन. फ्यूज गेला, अण्णाला फोन. आन हे उठलेच लगेच, गुडघे धरून.

ह्या मे म्हैन्यात वळवाचा पाऊस आला ती दुपार सांगते. उनाचा नुसता कहर व्हता, झाडाचं पान हलत नव्हतं, आन एकदम पश्चिमेकडनं काळं झालं. वारं असं सुटलं की रस्त्याकडंचं लिंबाचं झाड पडलं, शेजारचा पत्रा उडून आमच्या अंगणात आला, मंग गारा. आमच्या सयपाकघरावर बी पत्राच हाय, बोललेलं ऐकू यायना. लाईट तर कवाच गेल्ती. म्या हुलग्याचं माडगं चुलीवर ठिवलं व्हतं, गॅस हाय आमच्यात, पण पाऊस आला की मला चूलच बरी वाटते. तेवढ्यात फोन. गिरणीवाल्याचा ल्योक. अण्णा, झाडानं तारा तोडल्या, या की जरा. ह्यांनी आदी इरफानला फोन लावला. ते म्हणलं, अण्णा, सबस्टेशनवरनं अजून दोगं आलेत, गारा थांबल्या की चढतो, तुमी बसा घरात. फोन ठिवला आन हे खुट्टीचा रेनकोट काढायलेत.

म्या दारात जाऊन उबी ऱ्हायले. म्हणले, जाऊ नका.

ते बगतच ऱ्हायले माज्याकडं. म्हणले, आजपतूर कधी म्हणली न्हाईस ती आज काय झालं तुला. म्या म्हणले, आजपतूर तुमाला हापिस पगार देत व्हतं. ते हासले, पण रेनकोट काय खाली ठिवला न्हाय, म्हणले, नुसतं खाली उबा ऱ्हातो, पोराला धीर. मंग मला काय झालं कुणास ठाव, म्या रडायलाच लागले. म्हणले, लई भ्याव वाटायचं वो मला, दर वादळाला वाटायचं, तुमी गेल्यापासनं लाईट येस्तोवर म्या डोळ्याला डोळा लावला न्हाय कधी.

ते म्हणले, खोटं बोलू नगंस. म्या आलो की तू घोरत पडल्याली असायचीस.

मंग सांगितलं त्यांना. लाईट आली की आडवी व्हायची ते. एवढा संसार झाला, पोरंबाळं झाली, आन त्या माणसाला हेच ठाव न्हाय. त्यांना वाटायचं, आपण खांबावर आन ही घरात बिनघोर निजली, बरं हाय, घर तरी सुखात हाय. ह्याच भरवशावर ते वर चढायचे. रेनकोट हातात धरून खाटंवर बसले. मंग म्हणले, महानंदा, एकदा तरी जागी ऱ्हाऊन सांगायचं न्हाय का मला. म्या म्हणले, तुमी दमून आल्याले, तुमाला काय सांगू.

त्यांनी रेनकोट खुट्टीला लावला. म्या वाटीत माडगं दिलं, ते पितेत न पितेत तोच मागच्या खोलीतनं इरफानची बायको आली, नसरीन, डोक्यावर ताट धरून, गारा लागायलेत म्हणून. पोरीचं तोंड एवढंसं झाल्यालं. म्हणली, काकू, त्यांचा फोन लागत न्हाय. म्या उठायले तर ह्यांनी हाताला धरून बसवलं मला. म्हणले, नसरीन, बस बाळा हितं, लाईट येस्तोवर म्या तुज्याजवळ बसतो. आन मला म्हणले, तू पड. आजच्याला म्या जागा हाय.

दिसाढवळ्या, वादळ चालू, घरात पावणी, आन म्या वाकळ वढून खरंच पडले. पत्र्यावर पाऊस वाजायलाय, हे त्या पोरीला सांगायलेत, तुटल्याली तार कशी जोडतात, माणसं कशी मोजून घेतात, आन मला बगा अशी झोप लागली, अशी झोप लग्न झाल्यापासनं लागली नसंल. लाईट कवा आली मला ठाव न्हाय. उठले तर दिवे लागल्याले, इरफान चिखलाच्या पायानं उंबऱ्यावर बसून माडगं पीत व्हता, आन नसरीन त्याला रागं भरायली व्हती, कानडी न्हाय, मराठी न्हाय, तिच्याच बोलीत.

तवापासनं तसंच चाललंय. आबाळ भरून आलं की नसरीन येते, आमचे मालक तिच्यासंगं जागे बसतात, सारखं दाराकडं बगतात, आन म्हणतात, मला ठावच नव्हतं गं, हे बसणं खांबापेक्षा अवघड हाय. म्या आयकते आन कूस बदलते. वर चढल्यालं समद्यांचं लेकरू सुखरूप खाली उतरू दे, एवढं म्हणते देवाला आन झोपते.