एकशे बाराव्या पानावरचं टिंब

संपादिका: दार लोटून घ्या, काका. खाली बांधणीत ऐकू जायला नको.

मुद्रितशोधक: खाली सगळ्यांना ठाऊक आहे, बाई. विद्यापीठाचा छापखाना आहे हा. इथे शाई वाळायच्या आत बातमी पसरते.

संपादिका: संचालकांचा फोन होता. परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकाबद्दल सोमवारी समितीला लेखी खुलासा द्यायचाय.

मुद्रितशोधक: एकशे बारावं पान.

संपादिका: हो. औषधाचं प्रमाण '०.५' हवं होतं, '०५' छापलं. टिंब गळलं. त्या परिचारिका पोरीने पुस्तकात बघून इंजेक्शन भरलं, दहापट.

मुद्रितशोधक: जिला टोचलं ती बाळंतीण होती म्हणे.

संपादिका: पंचवीस वर्षांची. मूल तेवढं वाचलं.

मुद्रितशोधक: बाकीच्या प्रती?

संपादिका: परत मागवल्यात. चाळीस अजून बाहेर आहेत. संचालक म्हणतात, जुळणीकाराची चूक म्हणून लिहा. तो जाऊन वर्ष झालं, मेलेल्याला कोण नोटीस पाठवणार?

मुद्रितशोधक: त्याची बायको खाली छापील कागदांचे फर्मे दुमडतेय.

संपादिका: तिच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी.

मुद्रितशोधक: नोकरीचं सोडा. चारचौघांत डबा उघडून बसायचं असतं तिला. आणि मी काल कपाटातून मुद्रितं काढली, बाई. पहिल्यात टिंब आहे. त्याने बरोबर जुळवलं होतं. त्याच ओळीत मी एक वेलांटी बदलायला सांगितली, ओळ पुन्हा जुळवली गेली आणि टिंब गेलं.

संपादिका: म्हणजे गळलं त्याच्याच हातून.

मुद्रितशोधक: हातून गळायचंच. गळलेलं उचलायला मला ठेवलंय. बदललेली ओळ पहिल्यापासून वाचायची, हे नव्यांना मीच शिकवतो. मी नुसती वेलांटी पाहिली आणि सही ठोकली.

संपादिका: चार महिन्यांत निवृत्त होताय. तेहेतीस वर्षांवर पाणी पडेल.

मुद्रितशोधक: पडलंय ते.

(खालून कागद कापायच्या यंत्राचा आवाज येत राहतो.)

संपादिका: तुमच्या सहीखाली माझी आहे.

मुद्रितशोधक: ती रीतच आहे.

संपादिका: वाचून करायची रीत आहे. तुमची सही दिसली की मी पान उलटते. कैक वर्षं हेच चाललंय.

मुद्रितशोधक: हे लिहायची गरज नाही. मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून तुमच्या.

संपादिका: खुर्ची पुढे घ्या. खुलासा दोघांच्या नावाने जाईल. संचालकांशी मी बोलते.

मुद्रितशोधक: त्या परिचारिकेचं काय झालं?

संपादिका: निलंबित केलंय. पोलिसांनी दोनदा बोलावलं.

मुद्रितशोधक: मग खुलाशाची पहिली प्रत तिला. नाव काय तिचं?

संपादिका: सगळ्या कागदांवर नुसतं 'संबंधित परिचारिका' आहे.

मुद्रितशोधक: विचारून घ्या. निदान नाव तरी बरोबर जाऊ दे.