एकसष्ट इंची बाही

(शिवणकारखाना. कापायच्या लांब टेबलावर पांढऱ्या कापडाची चळत. आई, तिचा मुलगा आणि सून.)

आई : ही बाही आहे का पडदा? नर्सबाईंनी ही घालून सुई टोचायची का फरशी पुसायची?

मुलगा : मास्तरांनी कापलं ना! चाळीस थर एकदम वाया. म्हणून तर सकाळी घरी पाठवलं त्यांना. कायमचं.

आई : तीस वर्षं ज्याचा हात सूतभर हलला नाही, तो आज हलला? मापाची चिठ्ठी दाखव. अक्षर नसेल येत मला, आकडे येतात. हे काय लिहिलंय?

मुलगा : एकसष्ट.

आई : कोणी काढली ही चिठ्ठी?

मुलगा : कॉम्प्युटरनं.

आई : सूनबाईचा प्रोग्राम चार वर्षं बिनबोभाट चालला.

मुलगा : मी नवा लिहिलाय, दुसऱ्या भाषेत. तुला नाही कळायचं ते.

आई : बावीस मशिनं आणि त्यावरच्या बावीस जिभा सांभाळते मी. मला भाषा शिकवतोस? सूनबाई, तू बोल.

सून : आई, माझ्या भाषेत आधीच सांगून ठेवावं लागतं, या खान्यात आकडाच येणार, त्या खान्यात नावच. भलतं काही घातलं की ती अडून बसते.

मुलगा : आणि एक खिसा वाढवायला पंधरा दिवस खाते! माझं काम निम्म्या ओळींत होतं. लिहिलं की लगेच चालतं, फोनवरसुद्धा.

सून : चालतं ना, मी कुठं नाही म्हणते? पण तू फोनवर टाइप केलेला सहा तुझ्या भाषेनं अक्षर समजून घेतला. त्यात दुमडपट्टीचा एक मिळवायचा, तर तिनं तो शेजारी चिकटवला. सातऐवजी एकसष्ट. आणि हूं की चूं नाही.

आई : म्हणजे तुझी दारात अडवून विचारणारी, आणि याची मुकाट गिळणारी.

सून : तसंच. पण दोष तिचा नाही. ती विचारत नाही हे ठाऊक असलं, की आपण तपासायचं. एका ओळीचं काम होतं.

आई : ते मरू दे. मास्तरांना तर डोळे होते. त्यांनी का नाही विचारलं?

मुलगा : मला काय माहीत!

सून : सांग की आता. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर काय ओरडलास ते.

मुलगा : ...दर चिठ्ठीला विचारत यायचे. एका दिवसात तीनदा आले. मी म्हटलं, कागदावर येईल ते कापा. डोकं चालवू नका.

आई : मशीन बिचारं मुकं. बोलणारा एक माणूस होता, त्याचंही तोंड शिवलंस, आणि वर त्यालाच हाकललंस? चप्पल घाल. त्यांच्या घरी जा. फोन नाही, दारात उभं राहून बोलायचं.

मुलगा : आणि नाही आले तर?

आई : तर उद्या कापायला तू. चिठ्ठी मी लिहीन. येईल तो आकडा लिहीन. तू विचारायचं नाहीस.