हिच्या कॅरियरचं काय ते

मिस्त्री: ते राहू द्या साहेब. आधी सांगा, ही गाडी चिखलात गेलीय का कधी?

बाबा: गेलीय की!

मी: लग्नाच्या हॉलबाहेर, पार्किंगमध्ये. एकच चाक. घरी आल्यावर बाबांनी ते माझ्या टूथब्रशने धुतलं.

बाबा: जुन्या टूथब्रशने.

मी: तो त्यानंतर जुना झाला, बाबा.

मिस्त्री: मग टपावर कॅरियर कशाला? मी लोखंडाचं काम करतो, हेअरबँड नाही बनवत. डोंगरात जाणाऱ्यांनाच देतो मी.

बाबा: अहो, चारही चाकांना ताकद आहे हिच्या!

मी: आणि चारही चाकं गतिरोधकाला घाबरतात. पुढे गतिरोधक दिसला की बाबा गल्ली बदलतात.

बाबा: तू गप्प बस गं. मला काय हौस आलीय? हिच्या आईनंच पाठवलंय. सकाळी दारात उभी राहून म्हणाली, ‘आज हिच्या कॅरियरचं काय ते ठरवूनच या.’

मी: थांबा. आई काय म्हणाली?

बाबा: ‘हिच्या कॅरियरचं.’ मीही चाट पडलो. एरवी गाडीकडे ढुंकून बघत नाही ती.

मी: करिअर, बाबा! माझं करिअर! मी आईच्या शेजारी उभी होते!

बाबा: गाडीही शेजारीच उभी होती.

मी: अहो, उद्या शाळेत विषय सांगायचेत! मला भूगोल हवाय, तुम्हाला अकाउंट्स हवंय, आणि आठवडाभर आपण जेवताना मिठाच्या बरणीशी बोलतोय! आई त्याबद्दल म्हणत होती!

बाबा: तरीच. ‘लगेच ओरडू नका, हिलाही काय वाटतं ते विचारा,’ असं का म्हणाली ते कळेना.

मी: मग?

बाबा: मग मी बॉनेटवर थोडा वेळ हात ठेवला.

मी: आणि मला कशाला आणलंत?

बाबा: टेपचं दुसरं टोक धरायला.

मी: येताना वाटेत मी भूगोलावर एवढं बोलले! तुम्ही हं, हं करत होतात!

बाबा: मला वाटलं, रस्ता सांगतेयस.

मिस्त्री: भांडण झालं की सांगा. वेल्डिंग खोळंबलंय.

बाबा: झालं. आलोच आहोत तर कॅरियर करून टाका.

मिस्त्री: आणि मुलीचं?

बाबा: तिचं घरी बघू.

मी: घरी तुम्ही बघत नाही! घरी तुम्ही ‘भूगोल घेऊन करायचं काय, पृथ्वी तर सापडलेली आहे’ म्हणता आणि अंघोळीला जाता!

मिस्त्री: वर काय काय ठेवणार?

बाबा: तंबू, पाण्याचा कॅन, शिडी, घडीची टेबलखुर्ची. आणि समोरून दिसेल असं फावडं.

मिस्त्री: फावड्याने काय खणणार?

बाबा: खणायचं नाहीये. शेजाऱ्यांच्या गाडीवर आहे.

मिस्त्री: ऐका साहेब. उभी गाडी टपावर दोघांना झोपवून घेईल. चालत्या गाडीला एवढं ओझं दिलंत तर वळणावर कलंडेल. जड सामान खाली, आत ठेवायचं. टपावर हलकंच.

मी: ऐकताय ना? चालत्या मुलीचंही तसंच असतं.

बाबा: तू चालती कुठे? तासन् तास आरशासमोर उभीच असतेस.

मिस्त्री: टपाला भोकं पाडून बसवू की टपाच्या कडेच्या पन्हळीला क्लॅम्प लावू?

बाबा: भोकं? हिला? शुद्धीवर आहात ना तुम्ही?

मी: मी भोकं पाडायला सांगितलं नव्हतं, तेव्हा माझे कान टोचून आणले होते यांनी.

बाबा: क्लॅम्प लावा. घट्ट.

*(बराच वेळ ठोकाठोक. पाना दोनदा पडतो. कॅरियर टपावर बसतो, समोर फावडं.)*

मिस्त्री: पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. धक्क्यांनी सैल होतात. रंग उडालेला दिसला की लगेच रंग लावायचा, नाहीतर गंज धरेल. आणि अधूनमधून नुसतं हलवून बघायचं.

बाबा: रोज बघीन.

मी: मला कधी हलवून बघितलंत?

बाबा: अगं, तुला काय बघायचं? अकाउंट्सला खुर्ची असते, पंखा असतो. तू म्हणतेस नद्यांच्या मागे फिरणार, नकाशे करणार. रस्ता नसेल तिथे अडकलीस तर? मी कुठे येऊ तुला आणायला?

मी: या गाडीतून या.

बाबा: या गाडीतून?

मी: मग घेतलीत कशाला?

बाबा: कधीतरी जायचं म्हणून.

मिस्त्री: झालं. न्या घरी.

मी: बाबा, आपल्या पार्किंगच्या तोंडावरचा बीम.

बाबा: त्याचं काय?

मी: टप आणि बीम यांच्यात एक वीत जागा उरते. रोज आत शिरताना मान बाहेर काढून बघता ना तुम्ही? आता त्या वितीत कॅरियर आहे.

बाबा: जाईल गं.

मी: टायरमधली हवा सोडली तरी नाही जाणार.

बाबा: मिस्त्री, काढा.

मिस्त्री: एक फेरी झाल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही. तत्त्व आहे माझं.

बाबा: अहो, मग मी घरी जाऊ कसा?

मी: उजवीकडे घर. डावीकडे डांबर संपतं. तिथे नदीने आपलं पात्र सोडलंय, बाबा! आधी जिथून वाहायची तिथे आता नुसता वाकडा खड्डा उरलाय, पण टेकडीवरून बघितलं तर वळण अजून माझ्या नकाशावर आहे तस्संच दिसतं. मघाशी तेच तर सांगत होते.

बाबा: चिखल असेल?

मी: असेल.

बाबा: रुतलो तर?

मी: फावडं आहे.

बाबा: ते दिसायला आहे.

मिस्त्री: खरं फावडं आहे ते. माझ्याकडे दिखाऊ माल नसतो.

बाबा: बस. मागे नको, पुढे बस. आणि मघाचं सगळं पुन्हा सांग. सावकाश सांग, मला रस्ता माहीत नाही.