दुसऱ्याची ओळख

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोन विद्यार्थी उभे होते. इस्लामी अभ्यासाच्या पदवीतला राहिलेला एकच पेपर, इंग्रजीची तोंडी परीक्षा, त्या दोघांतला एकजण नुकताच देऊन आला होता.

"हाफिज, सांग ना! सुटलास का?"

"सुटलो. पण आधी पार अब्रू गेली."

"का रे?"

"बाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. मी गाईडमधला नमुना धडाधड म्हणून टाकला. माझे वडील पायलट आहेत, मला पोहायला आवडतं."

"तुझे अब्बा तर मदरशात शिकवतात!"

"आणि मला खोल पाणी पाहिलं की घाम फुटतो. अरे, अख्खं कुराण पाठ केलेला माणूस मी. वाटलं, इंग्रजीचंही तसंच जमेल."

"मग?"

"बाईंनी विचारलं, वडील कुठलं विमान चालवतात? गाईडात पुढचं काही नव्हतंच."

"मेलास!"

"मेलोच. मग खरं ते सांगून टाकलं. थोरल्या बहिणीची मुलं परदेशात वाढली, त्यांना आपली भाषा येत नाही. गेली तीन वर्षं फोनवर ती अब्बांना धर्माबद्दल इंग्रजीत काहीबाही विचारतात आणि अब्बा नुसते हसतात. म्हणून मला शिकायचंय."

"एवढं सगळं इंग्रजीत बोललास?"

"अडखळत, चुका करत. बाईंनी एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, पास."

"वा! अब्बांना फोन केलास?"

"अब्बा घरीच आहेत. फोन भाच्यांना लावायचाय, अब्बांना शेजारी बसवून. तीन वर्षांची उत्तरं साठलीत त्यांच्याकडे."