उजवी सीट

– नाही नाही, उठू नका काका, बसा. अभिषेक आत्ता कुठं सुरू झालाय, मग आरती, मग नैवेद्य – गुरुजी काही घाई करत नाहीत, आणि पोखर्णीला कुलदैवताच्या दारात येऊन न जेवता कुणी परत जात नाही. तीन पानं सांगून ठेवलीत मी, तुमचं धरून. नचिकेत आत बसलाय – बसलेत – खरं म्हणजे मीही जोडीनं बसायला हवं होतं, लग्नानंतरचा पहिलाच अभिषेक, पण संकल्प झाला आणि मी उठले. चक्कर येतेय म्हणणार होते, मग आठवलं, आप्पा येताना बजावून सांगतात ना, नरसिंहाच्या आवारात एक वेळ गप्प बसावं पण खोटं बोलू नये. मग सरळ सांगितलं, मला रंगनाथकाकांशी बोलायचंय. ते म्हणाले, जा, मी करतो. गुरुजींनी जरा बघितलं माझ्याकडे. बघू देत.

ओळखलंत ना मला? उत्तरा. तुमच्या चुलतभावाची, आप्पांची सून. लग्नात तुम्ही सूट घालून आला होतात, अख्ख्या मांडवात सूट घातलेले दोघंच, तुम्ही आणि बँडवाला – माफ करा, हे असं निघून जातं तोंडातून, एरवी मी फार बोलत नाही, सासूबाई तर म्हणतात मुकी सून आणलीय – तर तुम्ही अक्षता टाकल्यात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, 'पायलट आहेस ना? काही लागलं तर सांग.' आठवतंय? नाही? असो. असं लग्नात सगळेच सगळ्यांना म्हणतात, मंडपवाल्यालासुद्धा म्हणतात. पण मी ते वाक्य जपून ठेवलं. आणि मग तुम्हाला सांगितलंही, म्हणजे मेसेज केला, दिवाळीत, मग संक्रांतीला तिळगुळाच्या चित्राखाली, मग पाडव्याला. निळी खूण आली प्रत्येक वेळी. म्हणजे बघितलेत तुम्ही. मी रागावले नाही हं, मोठ्या पदावर माणूस असला की – तुमच्यासारख्या चीफ पायलटला रोज असे पन्नास जण लिहीत असतील.

लिहितात ना? कारण मीच त्या पन्नासांतली एक आहे ना, बाकीच्या एकोणपन्नास कंपन्यांत. मोठ्या विमान कंपन्यांचं निदान दार तरी दिसतं, जाहिरात येते, परीक्षा होते, नापास तरी होता येतं. तुमच्या या खासगी जेटच्या धंद्यात दारच नाही. जागा निघाली हे कळतं तेव्हा ती भरलेली असते. कुणी भरली? कुणाच्या तरी ओळखीतल्यानं. ओळख कशी करायची? तर दिल्लीच्या एका कॅप्टननी मला इंटरनेटवर सल्ला दिला – बी व्हिजिबल. दिसत राहा. परभणीतून? इथं विमान दिसलं तर शेतातली माणसं काम टाकून वर बघतात, वरच्याला खालचं काय दिसणार. तरी केलं मी. अनोळखी माणसांना त्यांच्या नोकरीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एकाच्या बदलीचं अभिनंदन केलं, नंतर कळलं त्याला काढून टाकलं होतं. इंदूरच्या एका कॅप्टननी उत्तर दिलं – दोन हात जोडलेले. त्याचा अर्थ काय घ्यायचा, नमस्कार की माफ करा?

आणि आप्पांनी त्यांच्या परीनं केलं. तहसीलमधून रिटायर झालेला माणूस, त्यांना एकच रीत माहीत – साहेबाच्या दारात बसायचं, रोज बसायचं, साहेब कंटाळून सही करतो. मुंबईच्या एका कंपनीचा नंबर त्यांनी माझ्या वहीतून – माझ्या टेबलावरून घेतला आणि रोज सकाळी पूजा आटोपली की फोन. 'आमच्या सूनबाईंच्या कामाचं कुठवर आलं?' तिथली मुलगी आधी सर म्हणायची, मग अंकल, मग तो नंबरच बंद लागायला लागला. आप्पा म्हणाले, साहेबाची बदली झाली वाटतं. त्या कंपनीत आता माझ्या नावाला काय किंमत असेल ते तुम्हीच समजा. मी आप्पांना काही बोलले नाही. काय बोलू? माझ्यासाठी रोज सकाळी इतकं कोण करतं?

फिरायला लोक महाबळेश्वरला जातात. मी नचिकेतला मुंबईला नेलं, विमानतळाच्या मागच्या बाजूला, खासगी विमानांच्या फाटकापाशी. पेढ्यांचा पुडा आणि सीव्ही. फाटकावरच्या माणसानं पेढा खाल्ला आणि सीव्हीला हात पुसले – खोटं नाही सांगत, इथं बसून कशाला सांगू – आणि नचिकेत पिशवी धरून उन्हात उभा, म्हणतो, निदान पेढे तरी आवडले त्याला. असा आहे तो. आमच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून त्यानं कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवून दिलंय, सगळी बटणं खरी त्या मापाची. मी दार उघडून त्याच्यासमोर स्टुलावर बसते आणि हात फिरवत सगळ्या तपासण्या म्हणते, मनात, इंजिन सुरू करण्यापासून उतरेपर्यंत. सासूबाईंना वाटतं साडी निवडायलीय. परवा म्हणाल्या, एवढा वेळ लागतो तर चार साड्या कमी कर.

हसलात. बरं झालं. पण काका, आता हसायला फार जागा नाही राहिली. परवा सोमवारी शाळा उघडते. पाथरीच्या शाळेत गणिताची जागा आहे, आप्पांनी शब्द टाकलाय, मी हो म्हटलंय – म्हणजे नाही म्हटलेलं नाही. एकदा मी हजेरीपटावर चढले की संपलं. सुट्टी कोण देणार मुलाखतीला? सराव नाही म्हणून लायसन्सवरच्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदतही संपेल, मग ते पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी गुंजाइश ना माहेरी राहिली ना सासरी. मग मी मुलांना शिकवीन – दोन आगगाड्या समोरासमोरून येत आहेत, तर त्या किती वेळानं भेटतील. विमानाचं गणित त्या पुस्तकात नाही, मी बघितलं.

शाळा वाईट नाही, मला माहितीय तुम्ही हेच म्हणणार. शाळा चांगली आहे. आप्पा चांगले आहेत. सगळेच चांगले आहेत, म्हणून तर जीव घुसमटतो, भांडायला कुणी नाही. आणि हे घर काही कुणी माझ्या गळ्यात बांधलं नाही, मी स्वतः निवडलं. तीन स्थळं होती. एक पुण्याचं, फ्लॅटवालं. नचिकेतचा बायोडेटा शेवटी आला, पगार मी बघितलासुद्धा नाही, खाली नातेवाइकांत लिहिलं होतं – काका: कॅप्टन रंगनाथ, चीफ पायलट, मुंबई. मी आईला म्हटलं, हे –

हे मी काय बोलायला लागले. तुम्ही ऐकलं नाही असं समजा. नचिकेतला नका सांगू. म्हणजे तेव्हा तसं होतं, आता तसं नाही, आता ते कपाटाचं दार आहे, तो उन्हात पिशवी धरून – नका सांगू. बस्स.

कामाचं बोलते. मी रिकाम्या हातानं नाही आले काका. इतके महिने सगळ्यांकडे मागत फिरल्यावर एक कळलं, मागणाऱ्याला कुणी उभं करत नाही, ज्याच्याकडे खबर असते त्याला खुर्ची देतात. माझ्याकडे खबर आहे. आपल्या भागातले एक साखर कारखान्याचे चेअरमन विमान घ्यायलेत. जेट. आठ सीटचं, वापरलेलं, पण चांगलं. नांदेडला ठेवणार. अजून बाहेर कुणाला माहीत नाही, कागद व्हायचेत, निवडणूक आहे म्हणून झाकून ठेवलंय. मला कसं कळलं? त्यांची सून शिवकन्या माझी हॉस्टेलची मैत्रीण, आम्ही एका ताटात जेवायचो. तिनं सासऱ्यांना माझं नाव सांगितलं. ते काय म्हणाले माहितीये? 'पोरीचं बघू, आधी पिकल्या केसाचा कॅप्टन आणा. माझी माणसं त्याच्या भरवशावर बसतील.' बरोबरच आहे त्यांचं. डाव्या सीटवर माणूस असल्याशिवाय उजवीवर मला कोण बसवणार?

म्हणून तुमच्याकडे आले. तुमच्या हाताखाली इतके कॅप्टन, त्यातला एखादा मराठवाड्याचा, रिटायर व्हायला आलेला, घराजवळ यायला राजी असलेला – तुम्ही त्याचं नाव द्या आणि त्याच्याबरोबर माझं. दोघांचं एकत्र. त्या जातीच्या जेटचं टाइप रेटिंग नाही माझं, मान्य, पण घेणाऱ्याला ते करून घेता येतं, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. एवढंच. कबूल करा, मग मी नाव –

काय? कोणते चेअरमन?

आधी कबूल करा असं ठरवून आले होते मी. मोटारीत पाठ केलं होतं, नाव आधी सांगायचं नाही. पण तुम्ही विचारलंत, घरातल्या मोठ्या माणसानं, इथं. माहीत नाही म्हणू का? आणि गप्प बसायला तुमच्याइतकं कुठं जमतंय मला. व्यंकटराव. हो, तेच. नंबर? शिवकन्यानं दिलाय त्यांचा खासगी, थांबा – हा. लिहून घेतलात? सावकाश घ्या. मोबाइलवर दिसत नाहीये का उन्हामुळं? वाचून दाखवते.

तुमच्या हातावर घड्याळाची पांढरी खूण आहे, काका. मी मघाशीच बघितलं. म्हटलं, सोवळ्यासाठी काढलं असेल, पण तुम्ही सोवळ्यात नाही. आणि परभणीहून तुम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलात, तेव्हा वाटलं गाडी बिघडली असेल. आणि इतक्या वेळात फोन एकदाही वाजला नाही. चीफ पायलटचा.

काय म्हणालात?

दिवाळीपासून घरीच?

म्हणजे मी पहिला मेसेज केला तेव्हाच. मग आप्पांना का नाही – हं. कळलं. आणि मी मघापासून चीफ पायलट, चीफ पायलट म्हणतेय, तुम्ही ना हो म्हणालात ना नाही. मला वाटलं मोठा माणूस आहे, कमी बोलतो.

वाईट वाटतंय मला, खरंच. आणि – मी जरा विचार करतेय, उलट बरंच नाही का झालं? पिकल्या केसाचा कॅप्टन शोधायलाच नको! तुम्ही डाव्या सीटवर, मी उजवीवर. घरचीच माणसं. आप्पांना काय आनंद होईल, ते तर नांदेडला धावपट्टीवर येऊन नारळ फोडतील. काका? कुठं निघालात? आत्ता लावताय फोन? लावा लावा, इथं आवाज तुटतो, तिकडं फाटकाजवळ – नको, इथूनच बोला ना. मी गप्प बसते. ही माझी फाइल, समोर असू द्या, तास वगैरे विचारले तर.

…

पहिल्या झटक्यात उचलला त्यांनी. बघा, शिवकन्याचा नंबर.

काय म्हणालात त्यांना शेवटी? 'क्रू माझा मी आणतो' – असंच म्हणालात ना? म्हणजे माझ्यासकट. हो ना काका? क्रू म्हणजे तुम्ही आणि मी.

काका?

नुसतं हो म्हणा. मोठ्यानं नका म्हणू, मान हलवली तरी चालेल. आपण देवाच्या आवारात आहोत, मला काही लिहून नकोय.

…

फाइल तिथंच राहिली, काका. बाकावर. – नाही, असू द्या, असू द्या. जीप मिळेल तुम्हाला फाट्यावर.

– आले हो! झाली का आरती? नाही, काही नाही, ऊन लागलं जरा डोळ्यांना. ते गेले. गुरुजींना सांगा, पानं दोनच वाढा.