चिमटीत वीस किलो

आता तुम्हीच सांगा, याला स्पर्धा म्हणायचं? मी लादी बसवणारा माणूस, दिवसभर ओल्या लाद्या चिमटीत धरून उचलतो. म्हणून आमच्या कोपर स्टेशनजवळच्या जिममध्ये चिमटीची स्पर्धा लागली तेव्हा लगेच नाव दिलेलं. दहा-दहा किलोच्या दोन प्लेट एकमेकींना लावायच्या, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि एका हाताने उचलून धरायच्या. जास्त वेळ धरेल तो जिंकला.

मी प्लेटची सपाट, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून तीस सेकंद धरल्या. मग आला ऋषी. पठ्ठ्याने प्लेट उलट्या लावल्या! दुसऱ्या बाजूची उंच कड बाहेर आली आणि याने बोटं तिच्याखाली अडकवली. चाळीस सेकंद!

मी ट्रेनरवर भडकलो. "ओ सर, ही चिमूट आहे की बादलीची कडी?"

"अरे दादा, वजन सेमच आहे ना? मग झालं!"

"मग तुम्ही माझ्यासारख्या उचलून दाखवा."

त्यांनी दोनदा जोर लावला, प्लेट जमिनीवरून हलल्या नाहीत. म्हणे, "हाताला घाम आलाय." आणि बक्षीस तरीही ऋषीलाच! प्रोटीनचा भलामोठा डबा, त्याला रुंद, गुळगुळीत झाकण.

पाच मिनिटांनी तोच डबा घेऊन ऋषी माझ्यासमोर उभा. "दादा, उघडतच नाहीये. सरांनी पण ट्राय केलं. जरा बघता का?"

मी म्हटलं, "का रे, याला कड नाही वाटतं?"