ताडपत्रीचं तळं

नकाशा कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. खिडकीतला कारकून नकाशावरून मान वर करत नव्हता.

"साहेब, माझं घर पाडायची नोटीस आलीय."

"येणारच. तळ्यात बांधलंय तुम्ही."

"कुठलं तळं? छप्पर गळतं म्हणून वर निळी ताडपत्री टाकलीय."

"विमानातून फोटो काढलाय, मावशी. वरून निळं दिसलं, आम्ही तळं दाखवलं."

"मग एकदा खाली येऊन बघा की."

"खालून बघायचं असतं तर विमान कशाला उडवलं असतं?"

"बरं, ताडपत्री काढून टाकते."

"म्हणजे तळं बुजवल्याचा वेगळा गुन्हा."

"मग तळ्यात तुमचा बुलडोझर चालणार कसा?"

"त्याची काळजी तुम्ही करू नका. ड्रायव्हरला तिथं घरच दिसतं."